नदीत शिंपले सोडून नदी साफ होते का? माझं मत: नाही

भीमाकाठी:
सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, की गोड्या पाण्यातला एक शिंपला दिवसाला 40 लिटर पाणी गाळतो, म्हणून वर्गणी काढून नदीत शिंपले सोडा, नदी आपोआप साफ होईल. लोक हात जोडून फॉरवर्ड करतायत. मला हे पूर्ण उलटं वाटतं. शिंपला पाणी गाळतो हे खरंय, आकडा जातीनुसार, आकारानुसार कमीजास्त होतो एवढंच. तो वाळूत अर्धा रुतून बसतो, एका बाजूने पाणी आत ओढतो, कल्ल्यांवर शेवाळ, बॅक्टेरिया, बारीक गाळ अडकतो, खायचं ते खातो आणि नको ते चिकट गोळ्या करून तळाला टाकून देतो. पण त्यासाठी तो जगला पाहिजे ना! त्याला तळाशी ऑक्सिजन लागतो, हलणार नाही अशी वाळू नाहीतर माती लागते, आणि मुख्य म्हणजे मासा लागतो. शिंपल्याची पिल्लं (ग्लोकिडिया म्हणतात) सुरुवातीला माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून राहतात, तिथे वाढतात आणि मग सुटून तळाला पडतात. मासा नसेल तर पुढची पिढीच नाही. आपल्याकडे वाळूसाठी सक्शन बोटी लावून तळ उपसलाय, वरून शहराचं सांडपाणी, उजनीत जाळं टाकलं तर निम्म्याहून जास्त चिलापीच (तिलापिया, बाहेरून आलेला मासा) येते. अशा पाण्यात शिंपले सोडणं म्हणजे ते मारायला सोडणं.

शेततळेवाला:
दादा एवढं निगेटिव्ह नका होऊ. माझ्या शेततळ्यात मोत्याचे शिंपले आहेत आणि पाणी आधीपेक्षा नितळ झालंय, डोळ्यांनी बघतोय. लॅमेलिडेन्स ही जात चिवट असते, चिखलात, संथ पाण्यात मजेत राहते. भुवनेश्वरच्या सीफा या मत्स्यपालन संशोधन संस्थेने यावर किती वर्षं काम केलंय, मत्स्य संपदा योजनेतून मोती शेतीला मदत पण मिळते. गावातल्या पोराला शिंपल्यातून चार पैसे मिळाले तरच तो नदीकडे बघेल, नुसतं जैवविविधता जैवविविधता करून कोण येतंय?

भीमाकाठी:
@शेततळेवाला मोती करा, माझं काही म्हणणं नाही. फक्त एक सांगा, शिंपले आणता कुठून?

शेततळेवाला:
नदीतून, तलावातून गोळा करणारे लोक आहेत, त्यांच्याकडून नगावर घेतो. सगळेच तसं करतात, हॅचरीचं बी (तिथे तयार केलेली शिंपल्यांची पिल्लं) आपल्याकडे सहज मिळत नाही. तळहाताएवढा निरोगी शिंपला लागतो, लहान चालत नाही, कारण कवच जरासं उघडून आत साचा किंवा मणी ठेवायचा असतो. त्यात काही मरतात, वाचतील ते जाळीत घालून वर्ष दीड वर्ष पाण्यात टांगायचे.

भीमाकाठी:
म्हणजे नदीतले सगळ्यात मोठे, पिल्लं देणारे तेच आधी उचलले जातात. आणि तुमच्या तळ्यात शेण, सुपर फॉस्फेट टाकून पाणी हिरवं करता ना त्यांना खायला? मग तेच पाणी शिंपल्यांनी नितळ केलं याचं कौतुक नदीला लागू होत नाही हो.

एसटीपीत_नोकरी:
मी सांडपाणी प्रकल्पावर काम करतो. हिशोब करा: 1 एमएलडी म्हणजे दिवसाला 10 लाख लिटर. त्या मेसेजमधला 40 लिटरचा आकडा धरला तर 1 एमएलडीला 25 हजार शिंपले झाले, कागदावर छानच दिसतं. पण कच्च्या सांडपाण्यात अमोनिया असतो आणि शिंपल्याची पिल्लं अमोनियाला फार नाजूक. अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेने 2013 मध्ये गोड्या पाण्यातल्या अमोनियाची मर्यादा कडक केली ती शिंपले आणि गोगलगायींवरच्या चाचण्यांमुळेच. त्यामुळे माझं मत भीमाकाठींपेक्षाही पुढचं आहे, शिंपल्यांचा विषयच सध्या बाजूला ठेवा. पैसा आणि लोकांचं लक्ष दोन्ही कमी आहे, ते ड्रेनेज लाईन आणि एसटीपीवर (सांडपाणी शुद्ध करणारे प्रकल्प) जाऊ दे. शिंपले नंतर बघू.

पाणवठा:
@एसटीपीत_नोकरी बाजूला ठेवा हे अजिबात पटलं नाही. तुम्ही बाटलीत सॅम्पल घेता ते त्या मिनिटाचं पाणी. रात्री दोनला कुणी मळीचं पाणी सोडलं आणि सकाळी सातला सॅम्पल घेतलं तर रिपोर्ट चांगलाच येणार. शिंपला उठून पळू शकत नाही, वर्षानुवर्षं त्याच तळाशी असतो, जड धातू त्याच्या अंगात साठत जातात, म्हणून तो काय सांगतो ते बाटली सांगत नाही. पोलंडच्या वॉर्सा शहरात पिण्याचं पाणी नदीतून उचलतात तिथे 8 शिंपले सेन्सर लावून ठेवलेत, पाण्यात काही गडबड झाली की ते कवच मिटून घेतात आणि अलार्म जातो. एवढं मोठं शहर त्यांच्यावर भरवसा ठेवतं आणि आपण म्हणायचं नंतर बघू?

एसटीपीत_नोकरी:
वॉर्साला मशीन पण आहेत, नुसत्या शिंपल्यांवर चालत नाही ते. पण रात्रीच्या पाण्याचा मुद्दा खरा आहे, ते आम्हालाही माहितीये.

टोलेडोकर:
मी अमेरिकेत ओहायोत राहते, लेक एरीच्या काठाला. नितळ पाणी म्हणजे निरोगी पाणी हा गैरसमज इथे येऊन बघा. 1988 मध्ये जवळच्या लेक सेंट क्लेअरमध्ये झेब्रा शिंपले सापडले, जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून युरोपकडून आलेले. काही वर्षांत पाणी इतकं स्वच्छ दिसायला लागलं की लोक खूश. पण ते शिंपले विषारी मायक्रोसिस्टिस शेवाळ थुंकून टाकतात आणि बाकीचं खातात, त्यामुळे विषारी शेवाळाला रान मोकळं. त्यात शेतांमधून येणारा फॉस्फरस, मूळ कारण तोच आहे म्हणा. 2014 च्या ऑगस्टमध्ये इथल्या टोलेडो शहराला नळाचं पाणी पिऊ नका असा आदेश आला, लाखो माणसं बाटलीबंद पाण्यावर, आणि उकळून प्यायची सोय नाही कारण उकळलं की विष आणखी दाट होतं. वर इथले स्थानिक शिंपले गेले ते गेलेच, झेब्रा त्यांच्या कवचावर थरावर थर चिकटतात, बिचाऱ्यांना कवच उघडता येत नाही.

शेततळेवाला:
ताई ते परदेशी शिंपले, आपले तसे चिकटत नाहीत कशाला. दोन्हीची सरमिसळ करून लोकांना घाबरवू नका.

टोलेडोकर:
चिकटत नाहीत, मान्य. माझा मुद्दा एवढाच की कुठलाही शिंपला कुठल्याही पाण्यात नेऊन टाकू नका. आणि आपलेच शिंपले म्हणाल तर ते तरी सगळे एक कुठे आहेत, पॅरेसियाला वाहतं पाणी आणि वाळू लागते, लॅमेलिडेन्सला संथ पाणी. तुमच्या तळ्यातले उचलून डोंगराकडच्या ओढ्यात टाकले तर काय होणार? अमेरिकेने 2023 मध्ये ज्या 21 जाती नामशेष म्हणून यादीतून काढल्या त्यात 8 गोड्या पाण्यातले शिंपले होते. धरणं आणि घाण पाणी, हीच कारणं, आपल्याकडे दोन्ही भरपूर.

शेततळेवाला:
ठीक आहे, सोडण्याच्या मोहिमेला मी पण पाठिंबा देणार नाही. पण गोळा करायला बंदी घाला असं कुणी म्हणालं तर मी विरोध करणार. शिंपला वेचणारा माणूस हाताने पाच पन्नास काढतो, वाळूवाला एका रात्रीत ट्रकभर वाळूबरोबर हजारो नेतो. बंदी पहिली कुणावर घालायची ते बोला.

भीमाकाठी:
वाळूवर, यात दुमत नाही. पण तुम्हीही सगळे मोठे उचलू नका, उन्हाळ्यात डोह आटतात तेव्हा तर हातच लावू नका, तेवढेच उरलेले असतात. आणि हॅचरीचं बी मागा, योजनेत पैसा आहे तर त्यासाठी भांडा, मी तुमच्याबरोबर येतो.

शेततळेवाला:
बी मिळालं तर नदीतून कोण आणतंय, तेच परवडेल. पण तोपर्यंत माझं तळं रिकामं ठेवू का?