जागा कमी असलेल्या सायकल फ्रेमला २५ मिमीचा ट्यूबलेस टायर सुचवणं थांबवा

जुनी_फ्रेम
काल एकाने लिहिलं, "फ्रेममध्ये जागा कमी आहे? २५ चा ट्यूबलेस टाका, पंक्चरची कटकट संपली." ते डोक्यात गेलं, म्हणून सविस्तर लिहितोय. टायरवर २५ छापलं म्हणून तो २५ भरत नाही. माझी जुनी रिम आतून १५ मिमी, नवी १९. तोच टायर नव्या रिमवर व्हर्नियर कॅलिपरने मोजला तर साडेसव्वीस! रिम १ मिमीने रुंदावली की टायर साधारण ०.४ मिमी फुगतो. ब्रेकखाली जेमतेम २ मिमी उरले. पहिल्याच पावसात चिकटलेली खडी तिथून घासत गेली आणि फ्रेमचा रंग उडाला. शिवाय हवेचा दाब ९० पीएसआय असला की टायरमध्ये ओतलेलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, भोक बुजवायच्या आधीच फवाऱ्यासारखं उडतं. सरळ टीपीयू ट्यूब (पातळ, हलक्या प्लास्टिकची) घाला.

चढवेडी
दादा, ९० भरता कशाला? कमी हवेवर चालवता यावं म्हणून तर ट्यूबलेस. मी मागे ७०, पुढे ६५ ठेवते. गेल्या वर्षी काच घुसली, हवा ५० च्या आसपास उतरली आणि भोक बुजलं. तशीच चाळीस किलोमीटर घरी आले. ट्यूब असती तर अंधारात रस्त्याकडेला बसले असते.

जुनी_फ्रेम
तुमचं वजन किती? माझं ८८ किलो. ७० वर माझी रिम प्रत्येक खड्ड्यात आपटते.

चढवेडी
५६.

सकाळची_राइड
हवेवर काय भांडताय, टायर चढवायचा कसा ते बोला! ट्यूबलेसचा बीड, म्हणजे रिममध्ये बसणारी टायरची कड, ताणली जात नाही. टायर चढवायचे माझे दोन लिव्हर मोडले, अंगठ्याची कातडी सोलली, तरी शेवटची चार बोटं कड आत जाईना. रस्त्यात हे झालं तर?

तिसरा_गिअर
चुकीच्या जागी संपवत असाल. व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात करा, शेवट व्हॉल्व्हपाशी. आधी बसलेला बीड रिमच्या मधल्या खोबणीत ढकलत या, म्हणजे ढिलाई मिळते. व्हॉल्व्हपाशी बीड खोबणीत उतरत नाही, तिथून सुरू केलं की मेलात.

सकाळची_राइड
तसंच केलं होतं. रिमवर हवा अडवणाऱ्या टेपचे दोन थर होते, खोबणीच भरून गेली होती. एक थर काढल्यावर बसला. पण हे आधी कोणी सांगत नाही! "सोप्पं आहे" म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्यासमोर चढवून दाखवावा.

तिसरा_गिअर
दाखवतो, लिव्हरशिवाय. तुम्ही घाई करता, मग टायरला शिव्या घालता.

सकाळची_राइड
माझ्या हाताचं रक्त तुम्ही पाहिलं नाहीत, तेव्हा घाईचं मला शिकवू नका.

जुनी_फ्रेम
हुकलेस रिमबद्दल, म्हणजे टायरची कड अडकवणारा हुक नसलेल्या रिमबद्दल, कुणीच बोलत नाही. तिथे हवा कमाल ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय. माझ्या वजनाला २५ च्या टायरमध्ये तेवढी हवा पुरतच नाही. २०२४ च्या यूएई टूर सायकल शर्यतीत थॉमस डी गेंटचा टायर रिमवरून निघाला, विसरलात? तो व्यावसायिक शर्यतवीर. आपल्यामागे कोण गाडी घेऊन येणार आहे?

तिसरा_गिअर
तो टायर २८ चा होता आणि रिम आतून २५ ची. अरुंद टायरचा दोष कुठे आला? रुंद रिमवर बारीक टायर ताणला हा दोष.

जुनी_फ्रेम
तेच तर म्हणतोय! रिम न मोजता टायर सुचवू नका.

चढवेडी
एवढं मान्य. मी रिम मोजली नव्हती, दुकानदाराने बसवून दिलं तेच वापरते. पण वजन कमी आणि हुक असलेली रिम असेल तर २५ चा ट्यूबलेस चालतो, हे तुम्हीही माना.

जुनी_फ्रेम
मानतो, ५६ किलोला. माझ्यासारख्याला नाही. आणि ब्रेकखालून ४ मिमीची ॲलन की चाकाला न घासता सरकली तरच.

चढवेडी
आत्ता बघून आले. पुढे सरकते. मागे अडकली.