मदत हवी आहे : सातवीच्या मुलांना टिपणं काढायला कशी शिकवावीत?
नमस्कार मंडळी. मालवणजवळच्या शाळेत शिकवते. मुलांचं टिपण म्हणजे अख्खा परिच्छेद उतरवायचा, जमलंच तर एखादा शब्द बदलून. (गाइडचा प्रताप, दुसरं काय!)

परवा सिंधुदुर्ग किल्ल्यावरचा उतारा दिला: १६६४ साली कुरटे बेटावर बांधकाम सुरू, पायात शिसे ओतले वगैरे. पुस्तक मिटायला लावलं, तर मागच्या बाकावरचा एकजण फाडफाड बोलला, “लाटांनी दगड हलाक नयेत म्हणान शिसा वतल्यानी.” वहीत मात्र पुन्हा पुस्तकातलंच वाक्य, स्वल्पविरामासकट!

चार-पाचच शब्द टिपा म्हटलं, तर तेवढेच जोडून मोकळे.

बोललेलं कागदावर कसं आणवता? आधी मालवणीत लिहू दिलं, तर पुढे प्रमाणभाषेत घोळ होतो का? कोणी करून पाहिलंय?