मॉकमध्ये टेस्ट फेल, लायसन्सची फाइल गायब

गंगापूररोडकर: नाशिकमधलं कोणी फेडोरा लिनक्ससाठी पॅकेजिंग करतं का, म्हणजे सॉफ्टवेअर त्यावर इन्स्टॉल करता येईल असं बांधून देतं का? एका पायथन लायब्ररीची स्पेक फाइल (पॅकेज कसं बांधायचं याची कृती) लिहिलीये, लॅपटॉपवर बिल्ड मस्त होतं पण मॉकमध्ये (कोऱ्या, वेगळ्या वातावरणात बिल्ड करणारं टूल) टेस्ट फेल, त्यात पायपीआयच्या (पायथन लायब्ररी मिळतात ती साइट) टारबॉलमध्ये (सोर्स कोडची बांधलेली फाइल) लायसन्सची फाइलच नाहीये, काय करू?

पंचवटीकर: मॉक बिल्डच्या वेळी नेट बंद ठेवतं रे. जी टेस्ट बाहेरून काही ओढते तेवढीच वगळ, सगळ्या बंद करू नकोस भाऊ, फेडोरावाले पॅकेज तपासतात त्या रिव्ह्यूत विचारतातच.

सातपूरचा: गिटहबवर त्या आवृत्तीच्या टॅगचा टारबॉल बघ, त्यात लायसन्स बऱ्याचदा असतं. नसेल तर मूळ लेखकाकडे इश्यू टाकून माग, मनाने चिकटवू नको प्लीज, दुसऱ्याच्या कोडचा हक्क आहे तो. आणि 2022 पासून फेडोरात स्पेकमधल्या लायसन्स टॅगमध्ये एसपीडीएक्सचं (लायसन्सच्या ठरलेल्या छोट्या नावांची यादी) नाव लागतं.

पंचवटीकर: रविवारी कॉलेज रोडला ये, फेडोरा-रिव्ह्यू (पॅकेज नियमात बसतं का ते तपासणारं टूल) सोबत चालवून बघू.