शब्दचर्चा: ओढा, पाणलोट, खोलीकरण (ग्रामसभेच्या ठरावासाठी)

माळरान: ओढा अजून चांगला आहे, मार्चपर्यंत वाहतो. तो तसाच राहावा म्हणून ठराव करायचा आहे. 'ओढ्याचे संवर्धन' लिहावं की 'पाणलोट क्षेत्राचे'? अर्थ एकच ना? आणि कामांच्या यादीत 'खोलीकरण' चालेल का?

पाणढाळ: अर्थ एक नाही. ओढा म्हणजे पात्र आणि दोन्ही काठ. ज्या ज्या जमिनीवर पडलेलं पाणी त्या ओढ्याला येऊन मिळतं ती सगळी जमीन म्हणजे पाणलोट: डोंगरमाथा, गायरान, वनखात्याची हद्द, शेतं, गावठाणसुद्धा. ठरावात नुसता 'ओढा' लिहिला तर माथ्यावरच्या चराईबद्दल किंवा मुरूम उपशाबद्दल बोलायला आधारच उरत नाही.

पाणलोटाची हद्द गावाच्या शिवेशी जुळत नाही. १:५०,००० च्या टोपोशीटवर (उंचसखलपणा दाखवणाऱ्या नकाशावर) ओढा गावाबाहेर पडतो तो बिंदू धरा. तिथून समोच्च रेषांना (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांना) काटकोनात छेदत दोन्ही बाजूंनी माथा गाठा. मग ती रेषा प्रत्यक्ष चालून पाहा, कारण रस्त्याचा भराव आणि मोऱ्या पाण्याची वाट बदलतात. आतले गट नंबर ठरावाला जोडा. शेजारच्या गावाचा माळ आत येत असेल तर त्यांच्या ग्रामसभेचाही ठराव हवा.

'लाभक्षेत्र' मात्र लिहू नका. धरणाचं किंवा कालव्याचं पाणी जिथे पोचतं ते लाभक्षेत्र. बातम्यांत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात.

झिरपा: खोलीकरणाबद्दल कळकळीने सांगतो, वाहत्या ओढ्यासाठी हा शब्द ठरावात येऊच देऊ नका. 'गाळ काढणे' म्हणजे बंधाऱ्यामागे साचलेली माती मूळ तळापर्यंत उचलणे. 'खोलीकरण' म्हणजे मूळ तळच खाली नेणे. दख्खनच्या काळ्या पाषाणात भूजल बहुतेक वरच्या मुरमाड, भेगाळ थरात असतं. पात्र त्या थराच्या खाली गेलं की ते पाणी बाजूने निथळून लवकर वाहून जातं आणि काठच्या विहिरी आधी आटतात. वाळू-गोटे गेले की माशांच्या विणीची जागा जाते, काठ उभे कापले गेले की करंज-उंबर ढासळतात. एकदा खोदलेला तळ पूर्ववत होत नाही. अंदाजपत्रकात मोघम शब्द असला की पोकलेन कुठे थांबवायचा हे कोणीच सांगू शकत नाही.

समपातळी: 'माथा ते पायथा' हे शब्द ठरावात हवेतच, कारण ते कामाचा क्रम सांगतात. आधी माथ्यावर चराईबंदी, गवत आणि उताराला आडवे, एका पातळीत खोदलेले चर, मग ओघळींवर अनघड दगडी बांध, बंधारा शेवटी. उलट केलं तर बंधारा पहिल्याच पावसाळ्यात गाळाने भरू लागतो.

६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल चरात मीटरमागे १८० लिटर पाणी मावतं. आखणी नळीच्या लेव्हलने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी बघून) करा. पातळी चुकली की पाणी एका टोकाला जमतं, चर फुटतो आणि तिथेच नवी ओघळ पडते.

झिरपा: 'ताळेबंद', म्हणजे पाण्याचा जमाखर्च, हा शब्दही घ्या. १ मिमी पाऊस १ हेक्टरवर पडला की १० घनमीटर पाणी. ५०० हेक्टरवर ५०० मिमी म्हणजे २५ लाख घनमीटर, पण यातलं बरंचसं बाष्पीभवनाने आणि झाडोऱ्यातून जातं, म्हणून सगळं पाणी वाटायला धरू नका. हिवरे बाजारला दरवर्षी पाऊस मोजून पिकं ठरवतात, शेतीसाठी बोअरला बंदी आहे. उपशाचा नियम नसलेला ताळेबंद नुसता कागद राहतो.

माळरान: मग मसुदा असा: 'सोबतच्या गट नंबरांतील पाणलोट क्षेत्रात माथा ते पायथा क्रमाने कामे करावीत. ओढ्याच्या मूळ तळाखाली खोदाई करू नये. बंधाऱ्यामागील गाळ काढण्यापूर्वी मूळ तळाची पातळी पंचांसमक्ष नोंदवावी.'

पाणढाळ: 'मूळ तळाची पातळी' पुढे 'पक्क्या खुणेपासून मोजून' एवढं घाला. पुलाचा कठडा किंवा देवळाचा ओटा चालेल.