क्लिपबोर्ड बदलल्याची वर्दी विंडोजकडूनच कशी मिळवावी?

प्रश्न (निपाणी):
नमस्कार. निपाणीत माझे छपाईचे छोटे दुकान असून लग्नपत्रिका आणि हस्तपत्रके मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत एकाच टेबलावर जुळवावी लागतात. कॉपी केलेला मजकूर देवनागरी आहे की कन्नड, हे ओळखून फॉन्ट सुचवणारा प्रोग्राम मी सी-शार्प या भाषेत, विंडोज फॉर्म्स (प्रोग्रामच्या खिडक्या बनवण्याची तयार चौकट) वापरून लिहिला आहे. लिपी ओळखणे सोपे गेले, कारण युनिकोडमध्ये (अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) दोन्हींच्या क्रमांकांचे पट्टे वेगळे आहेत. अडचण क्लिपबोर्डची, म्हणजे कॉपी केलेला मजकूर विंडोज तात्पुरता ठेवते त्या जागेची, आहे. टायमरने दर अर्ध्या सेकंदाला पाहत होतो, तेव्हा घाईत केलेल्या दोन कॉप्यांपैकी पहिली निसटायची. मग एका जुन्या नमुन्यावरून ‘सेटक्लिपबोर्डव्ह्यूअर’ हे विंडोजचे फंक्शन वापरले. सकाळी ते नीट चालते, दुपारी केव्हातरी क्लिपबोर्ड बदलल्याचे संदेश येणेच थांबते आणि प्रोग्राम पुन्हा सुरू केला की येऊ लागतात. माझे काय चुकते आहे?

उत्तर (बेळगाव):
आपल्या कोडमध्ये चूक असेलच असे नाही. त्या पद्धतीत खिडक्यांची साखळी असते. नवी खिडकी साखळीच्या तोंडाशी लागते आणि आलेला संदेश पुढच्या खिडकीला देण्याची जबाबदारी प्रत्येकीवर असते. दुपारी दुसरा एखादा प्रोग्राम आपल्या पुढे येऊन बसला आणि त्याने संदेश पुढे दिला नाही, की आपल्यापर्यंत काहीच पोहोचत नाही. पुन्हा सुरू केल्यावर आपण परत तोंडाशी जाता, म्हणून सारे सुरळीत वाटते. शेजाऱ्याच्या सचोटीवर चालणारी ही व्यवस्था आता सोडून द्यावी. विंडोज व्हिस्टापासून ‘ॲडक्लिपबोर्डफॉरमॅटलिसनर’ उपलब्ध आहे. त्याला खिडकीचे हँडल (विंडोजने तिला दिलेला ओळखीचा आकडा) दिले, की प्रत्येक बदलानंतर ‘डब्ल्यूएम_क्लिपबोर्डअपडेट’ हा संदेश (दशमान पद्धतीत ७९७) थेट आपल्या ‘विंडप्रॉक’मध्ये, म्हणजे खिडकीचे संदेश हाताळणाऱ्या पद्धतीत, येतो. पुढे कोणाला काही द्यावे लागत नाही.

उत्तर (खानापूर):
वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त एक भर घालतो. संदेश आला म्हणजे क्लिपबोर्ड आपल्यासाठी मोकळा झाला, असे समजू नये. दुसऱ्या प्रोग्रामने तो उघडून ठेवलेला असेल तर वाचताना अपवाद (एक्सेप्शन, म्हणजे प्रोग्राम चालताना येणारी त्रुटी) येतो, तेव्हा थोडे थांबून चार-पाच वेळा प्रयत्न करावा. एका कॉपीला दोन-तीन संदेशही येऊ शकतात, म्हणून आधीचाच मजकूर असल्यास सोडून द्यावा. शिवाय मजकूर युनिकोड स्वरूपातच मागावा. साध्या ‘टेक्स्ट’ स्वरूपात मागितल्यामुळे मला एकदा ‘खानापूर’ या शब्दाच्या जागी ओळीने सात प्रश्नचिन्हे मिळाली होती, आणि अर्धा दिवस मी फॉन्टलाच दोष देत बसलो होतो.

प्रश्नकर्ता (निपाणी):
दोघांचेही आभार. साखळी काढून टाकली आणि दोन दिवस प्रोग्राम अखंड चालला. मात्र टास्कबारवरून खिडकी लपवण्याची सोय जोडताच संदेश पुन्हा बंद झाले. हँडलचा आकडा छापून पाहिला, तर लपवण्यापूर्वीचा आणि नंतरचा वेगळा निघाला.

उत्तर (बेळगाव):
कारण आपल्या हाती आलेच आहे. फॉर्मचा (खिडकीचा) ‘शोइनटास्कबार’ हा गुणधर्म बदलल्यावर विंडोज फॉर्म्स ती खिडकी नव्याने घडवते आणि संदेशांसाठी केलेली नोंदणी जुन्या हँडलबरोबर जाते. नोंदणी फॉर्मच्या ‘लोड’मध्ये न ठेवता नवे हँडल तयार झाल्यावर चालणाऱ्या ‘ऑनहँडलक्रिएटेड’मध्ये करावी आणि ‘ऑनहँडलडिस्ट्रॉइड’मध्ये, मूळ पद्धत बोलावण्याआधी, ‘रिमूव्हक्लिपबोर्डफॉरमॅटलिसनर’ने ती काढावी.

प्रश्नकर्ता (निपाणी):
तसे केले. खिडकी चार वेळा लपवून पुन्हा उघडली, प्रत्येक वेळी संदेश आला.