शब्दचर्चा : ‘कागदाबाहेर’ म्हणजे नक्की कुठे?

प्रश्न

मुलगी मराठी माध्यमातून दहावी झाली, आता अकरावी सायन्सला आहे. भौतिकशास्त्राच्या एका आकृतीत चौकोनभर फुल्या आहेत आणि खाली वाक्य आहे : ‘चुंबकीय क्षेत्र कागदाच्या प्रतलाला लंब असून आत जाणारे आहे.’ शेजारच्या आकृतीत टिंबं आहेत आणि खाली ‘कागदाबाहेर’. तिने विचारलं, “बाबा, कागदाबाहेर म्हणजे समासाच्या पलीकडे का?” मला सांगता आलं नाही. हे शब्द कसे वाचायचे?

उत्तर

तिची शंका अगदी रास्त आहे. गावाबाहेर, अंगणाबाहेर, रेघेबाहेर असं आपण म्हणतो तेव्हा हद्द ओलांडणं अभिप्रेत असतं, म्हणून ‘कागदाबाहेर’ ऐकलं की डोळा आधी कडेकडेच जातो. इथे मात्र कागद ही हद्द नाही, तो पडदा आहे. एक वस्तू त्या पडद्यातून आपल्या तोंडावर येते आहे, किंवा त्यात घुसून पलीकडे चालली आहे.

ती वस्तू म्हणजे बाण. क्षेत्र सदिश आहे, त्याला दिशा हवीच, आणि दिशा दाखवायला आपण बाण काढतो. पण बाण कागदावर आडवा न पडता कागदात रोवलेला असेल, तर तो काढायचा कसा? समोरून जेवढा दिसेल तेवढाच काढायचा. आपल्याकडे येणाऱ्या बाणाचं फक्त टोक दिसतं, ते टिंब. पाठमोऱ्या बाणाची शेपटाकडची पिसं दिसतात, ती फुली.

मुलीला एक पेन्सिल द्या. टोक तिच्याकडे करून धरा आणि काय दिसतं ते काढायला सांगा. मग पेन्सिल फिरवा, मागच्या बाजूला कागदाच्या दोन पट्ट्या एकमेकींना छेदून चिकटवा आणि परत काढायला सांगा. दोन्ही खुणा तिच्या स्वतःच्या होतील.

फुलीबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगा. शाळेत दहा वर्षं फुली म्हणजे ‘चूक’. बरीच मुलं फुल्यांचा चौकोन पाहून ‘इथे क्षेत्र नाही’ असं समजतात, आणि मी त्यांना दोष देत नाही. इथली फुली ही बाणाची पाठ आहे. फुल्या सारख्या अंतरावर असल्या तर क्षेत्र एकसमान, दाट असल्या तर तिथे तीव्र. दोन फुल्यांमधल्या कोऱ्या जागेतही क्षेत्र असतंच, हेही सांगावं लागतं.

पुन्हा प्रश्न

चिन्हं समजली. पण आमच्या वेळी ‘क्षेत्र वर आहे’, ‘क्षेत्र खाली आहे’ असं सर्रास म्हणायचे. ते चालेल का?

उत्तर

माझं मत : अजिबात नको. वही टेबलावर असताना ‘वर’ म्हणजे छताकडे. आकृती फळ्यावर गेली की ‘वर’ म्हणजे फळ्याच्या वरच्या कडेकडे. शब्द एक, दिशा दोन, आणि उत्तर पार बदलतं.

एक प्रोटॉन डावीकडून उजवीकडे चालला आहे असं धरा. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम लावा : तर्जनी क्षेत्राकडे, मधलं बोट प्रोटॉनच्या गतीकडे, अंगठा दाखवेल ते बल. ‘क्षेत्र वर’ याचा अर्थ ‘आपल्याकडे’ असा घेतला तर अंगठा पानाच्या खालच्या कडेकडे जातो. तोच अर्थ ‘पानाच्या वरच्या कडेकडे’ असा घेतला तर अंगठा थेट आपल्या नाकाकडे येतो. विद्यार्थ्याला नियम येत असतो, हातही बरोबर धरलेला असतो, आणि तरी गुण जातात. याची मला मनापासून हळहळ वाटते, कारण चूक शब्दाची असते.

‘लंब’ हा शब्दही एकटा पुरत नाही. लंब म्हटलं की काटकोन कळतो, कुठल्या अंगाला ते कळत नाही. शिवाय मुलांच्या मनात लंब म्हणजे ‘उभा’. फळ्याला लंब असलेली काठी तर जमिनीला समांतर, आडवी असते.

म्हणून मी वर्गात दोनच वाक्यं वापरतो : ‘क्षेत्र कागदातून आपल्याकडे येतंय’ आणि ‘क्षेत्र कागदातून पलीकडे जातंय’. ‘अलीकडे-पलीकडे’ ही जोडी आपल्या रोजच्या बोलण्यातली आहे आणि बघणारा कुठे उभा आहे हे तिच्यात आपोआप येतं. वही असो, फळा असो, अर्थ बदलत नाही.

तारेच्या छेदालाही, म्हणजे तार आडवी कापली तर दिसेल त्या गोलालाही, टिंब किंवा फुलीच असते, फक्त भोवती वर्तुळ असतं आणि ते विद्युतधारेची दिशा सांगतं. इथे स्क्रू आठवा. चार खाचांच्या स्क्रूच्या डोक्यावर फुलीच असते, आणि तो घड्याळाच्या काट्यांप्रमाणे पिळला की लाकडात, म्हणजे पलीकडे जातो. धारा पलीकडे जात असेल तर तारेभोवतीचं क्षेत्रही तसंच फिरतं, देवळातल्या प्रदक्षिणेसारखं. धारा आपल्याकडे येत असेल तर उलट. तारेजवळ चुंबकसूची वळते हे डॅनिश शास्त्रज्ञ ओरस्टेडने १८२० साली दाखवलं, त्यातली वळण्याची दिशा हीच.

आणखी एक

बाणाच्या पिसांच्या टोकाला संस्कृतात ‘पुंख’ म्हणतात. फुलीला ‘पुंखचिन्ह’ म्हणावं का?

उत्तर

शब्द देखणा आहे. बाणाला लावलेल्या पिसांना ‘कंकपत्र’ असाही शब्द होता. पण मुलांच्या तोंडी फुली-गोळ्यातली ‘फुली’ पक्की बसली आहे, तीच राहू द्यावी. शिकवताना पुंखाची गोष्ट जरूर सांगा. ‘टिंब’ मला ‘बिंदू’पेक्षा बरं वाटतं, कारण भूमितीतल्या बिंदूशी त्याची गल्लत होत नाही.

जाता जाता मुलीसाठी एक गृहपाठ. वही टेबलावर सपाट ठेवून त्या जागचं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र काढायला सांगा. महाराष्ट्रात ते उत्तरेकडे असतं आणि थोडं जमिनीत कललेलं असतं. अलिबागच्या वेधशाळेत १९०४ पासून त्याच्या नोंदी होत आहेत. म्हणजे वहीवर उत्तरेकडे एक बाण हवा, आणि त्याच्या शेजारी एक चिन्ह. ते टिंब की फुली, हे तिलाच ठरवू द्या.