सोयाबीन येण्याआधी पिंजऱ्यांची तयारी
इंदूरला गोडाऊन आहे, ऑक्टोबरात सोयाबीनची पोती रचली जातील. घुशींसाठी जुने पिंजरे काढलेत. झाप (पिंजऱ्याचं दार) पडते, पण घूस निसटते.

— स्प्रिंग ढिली झाली असणार. झाप बोटाने उचलून पाहा, सहज उठली की स्प्रिंग बदला. गंज घासा, उकळत्या पाण्याने धुवा. फिनेल नको, वासाने घूस फिरकत नाही.

— आधी तीन-चार रात्री झाप तारेने उघडी बांधून आत भजी ठेवा. नव्या वस्तूला घूस बिचकते, घाई केलीत की संपलं! पिंजरा भिंतीला चिकटूनच. पोती मात्र भिंतीपासून दोन फूट लांब, लाकडी फळ्यांवर.

— हातमोजे घालाच, घुशीच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) होतो. मुंगूस अडकलं तर तिथेच मोकळं सोडा, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते संरक्षित आहे.